डीव्हीडी मारली, पण टीव्हीवर लागत नाही!

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लग्नाची कॅसेट, मुंजीचं शूटिंग, फोनमधलं बारसं हे सगळं डीव्हीडीवर घेऊन घरातल्या मोठ्या माणसांना त्यांच्याच प्लेअरवर दाखवायचं, यात अवघड ते काय? पण याच कामाबद्दलची पत्रं थांबत नाहीत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुलाच्या मुंजीचे फोनवर काढलेले व्हिडिओ डीव्हीडीवर कॉपी केले. लॅपटॉपवर छान दिसतात, पण सासऱ्यांच्या प्लेअरवर ‘अननोन डिस्क’ येतं. तीन डिस्क वाया गेल्या. प्लेअर बिघडला असेल का? (सातारा)

प्लेअर बिघडलेला नाही आणि डिस्कही बहुधा ठणठणीत आहेत. तुम्ही डीव्हीडीवर फायली ठेवल्या, म्हणजे ती डेटा डिस्क झाली. साध्या प्लेअरला फायलींशी काही देणंघेणं नसतं. त्याला ठरावीक रचनेची डीव्हीडी-व्हिडिओ लागते. तीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं. त्यात व्हीओबी फायलींमध्ये चित्र आणि आवाज असतो, आयएफओमध्ये कुठलं दृश्य कुठे आहे याची नोंद असते आणि बीयूपी ही त्या नोंदीची जादा प्रत. चित्र एमपेग-२ मध्ये हवं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत बहुधा ७२० बाय ५७६ आकाराचं आणि सेकंदाला २५ फ्रेम. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. फोनमधली एमपी४ फाइल या अटींत बसत नाही. एमपी४ फाइल उचलून ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली तरी काही होत नाही. आतलं चित्र नव्याने बनवावंच लागतं.

फसगत विंडोजही करतं. कोरी डिस्क घातली की दोन पर्याय येतात. पहिला ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी डिस्क, जी साधे प्लेअर ओळखतच नाहीत. दुसरा ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’. नाव वाचून वाटतं हाच आपल्या कामाचा. पण तोही फायली जशाच्या तशा लिहितो, फक्त डिस्क बंद करून देतो. तुमच्या एमपी४चा त्याने व्हिडिओ होत नाही. कोरी डिस्क आधी घालूच नका. खिडकी आलीच तर कॅन्सल करा.

काम तीन टप्प्यांचं आहे: रूपांतर, मांडणी (मेनू आणि प्रकरणं), आणि शेवटी डिस्क लिहिणं. डीव्हीडी-स्टायलर हा मोफत प्रोग्राम पहिले दोन्ही टप्पे एकत्र उरकतो. नवा प्रोजेक्ट उघडला की तो डिस्कचं नाव, क्षमता, पाल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत), चित्राचं प्रमाण ४:३ की १६:९ आणि आवाजाचा प्रकार विचारतो. क्षमता ४.४ जीबी, आवाज एसी३ (चेपलेला, कमी जागा घेणारा) आणि व्हिडिओचा दर्जा ‘ऑटो’ ठेवा. मग क्लिपा खालच्या पट्टीवर हव्या त्या क्रमाने ओढा. लाल बर्न बटण दाबल्यावर थेट ‘बर्न’ न निवडता ‘क्रिएट आयएसओ इमेज’ निवडा. तयार झालेली आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) आधी व्हीएलसी या मोफत प्लेअर-प्रोग्राममध्ये उघडून मेनू, आवाज, क्रम सगळं तपासा. चूक सापडली तर फक्त वेळ जातो, डिस्क जात नाही. सगळं ठीक असेल तर विंडोज १० किंवा ११ मध्ये आयएसओवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडा आणि त्याच खिडकीतल्या ‘व्हेरिफाय’च्या चौकोनात टिक करा. हार्ड डिस्कवर निदान १० ते १५ जीबी मोकळी ठेवा. तात्पुरत्या फायली आणि आयएसओ दोन्ही तिथेच बनतात आणि जागा संपली की प्रोग्राम मध्येच तुटक तक्रार करून थांबतो.

प्लेअरच्या तोंडावर ‘डिव्हएक्स’ लिहिलेलं असेल तर एक्सव्हिडमधल्या एव्हीआय फायली डेटा डिस्कवरूनही चालतात. पण फोनची एमपी४ त्यावरही बहुधा चालणार नाही.

पूर्वी विंडोजमध्येच डीव्हीडी मेकर होता. आता काय वापरावं? विकतचं घ्यायला हवं का? (नाशिक)

विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि ७ च्या काही आवृत्त्यांत होता, विंडोज ८ पासून काढला. मॅकवरच्या आयडीव्हीडीचंही तेच झालं.

वर्षातून चार डिस्क मारायच्या असतील तर पैसे खर्च करू नका. मांडणीला डीव्हीडी-स्टायलर आणि लिहायला इमगबर्न ही जोडी घरच्या कामाला पुरते. इमगबर्नची शेवटची आवृत्ती २.५.८.० ही २०१३ ची, पण डिस्क लिहिण्याचं तंत्र तेव्हापासून बदललेलं नाही, त्यामुळे तो आजही नेमकं काम करतो. शिवाय डिस्क खरी कुणी बनवली, ती कुठल्या वेगांना लिहिता येते हे तो उजव्या बाजूला दाखवतो. ही माहिती पुढे लागणार आहे. या दोन्ही प्रोग्रामच्या इन्स्टॉलरांबरोबर वेळोवेळी नको ते प्रोग्रामही चिकटून आले आहेत, म्हणून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ न करता ‘कस्टम’ निवडून एकेक टिक काढा.

डीव्हीडी फ्लिक सोपा आहे, पण जुन्या धाटणीचा. फाइलचं किंवा फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर तो अडखळतो. ‘आजीचा वाढदिवस’ हे नाव बदलून इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. एव्हीएसटूडीव्हीडीमध्ये बारकावे जास्त, त्यामुळे ज्यांना बिटरेट (सेकंदाला किती बिट खर्चायचे ते) स्वतः ठरवायचा असतो त्यांना तो आवडतो. लिनक्सवर डिव्हीडे आणि के३बी. हँडब्रेक मात्र या कामाचा नाही. तो डीव्हीडीवरून फाइल बनवतो, आपल्याला उलट जायचं आहे.

विकतचं घ्यायचंच असेल तर टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्सकडे बघा. त्याचं एमपेग-२ चं रूपांतर चांगलं असतं आणि आधीच नियमात बसणारा व्हिडिओ तो पुन्हा न कुटता तसाच घेतो. नीरो किंवा रॉक्सिओमध्ये सोय आहे, पण त्याबरोबर दहा गोष्टी येतात ज्या तुम्ही कधी उघडणार नाही.

लग्नाचं शूटिंग ३ तास १० मिनिटांचं आहे. एकाच डीव्हीडीवर बसवलं तर होमाच्या धुरात आणि अक्षता पडताना चौकोन चौकोन दिसतात. दर्जा कसा वाढवायचा? (पुणे)

आधी हिशेब. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं ते हजाराच्या पटीत. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे तीच डिस्क ४.३७ जीबी दिसते. कुणी फसवलेलं नाही. मेनू आणि रचनेचा खर्च वजा करून साधारण ४५० कोटी बाइट हातात राहतात, म्हणजे ३६०० कोटी बिट. त्याला व्हिडिओच्या सेकंदांनी भागलं की सेकंदाला किती बिट वाटून येतात ते कळतं.

एक तासाला सेकंदाला १०,००० किलोबिट येतात. पण डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९,८०० आहे आणि घरी लिहिलेल्या डिस्कवर जुने प्लेअर ८,००० च्या वर गेलं की अडखळतात. त्यामुळे तासाभराच्या कार्यक्रमाला ८,००० लावून थांबा. दोन तास दहा मिनिटांना साधारण ४,६०० येतात. आवाजाचे २२४ काढले आणि थोडी जागा सोडली की चित्राला ४,३०० ठेवता येतात, हे चांगलं दिसतं. तुमच्या ३ तास १० मिनिटांना मात्र आवाज धरून जेमतेम ३,१५० येतात. धूर, अक्षता, फुलांचा वर्षाव, जरीकाठी साड्यांची गर्दी या दृश्यांत प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी असते. एमपेगचं सगळं काटकसरीचं गणित ‘मागच्या फ्रेमसारखंच आहे’ यावर चालतं. इथे ते कोसळतं आणि चौकोन दिसू लागतात.

आवाज कुठल्या प्रकारात आहे तेही बघा. काही प्रोग्राम न विचारता पीसीएम, म्हणजे न चेपलेला आवाज लावतात. तो एकटाच सेकंदाला १,५३६ किलोबिट खातो, म्हणजे तुमच्या वाट्याचा जवळजवळ अर्धा. एसी३ ला १९२ किंवा २२४ पुरेत. वाजंत्री आणि मंगलाष्टकांच्या आवाजात घरच्या टीव्हीवर फरक कळत नाही.

मग मार्ग तीन. पहिला आणि आमच्या मते सरळ मार्ग म्हणजे दोन डिस्क. एकीवर सीमांतपूजनापासून मंगलाष्टकांपर्यंत, दुसरीवर सप्तपदी, जेवणावळ आणि पाठवणी. दुसरा, टू-पास एन्कोडिंग. प्रोग्राम आधी सगळा व्हिडिओ एकदा वाचतो आणि मग गुरुजी शांत बसलेल्या दृश्यांचे बिट वाचवून होमाच्या दृश्याला देतो. वेळ दुप्पट लागतो, पण कमी बिटरेटवर तो सत्कारणी लागतो. तिसरा मार्ग डबल लेयर, म्हणजे ८.५ जीबीची डीव्हीडी. तीत एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना प्लेअर क्षणभर अडतो. ही जागा इमगबर्न विचारतो तेव्हा ती एखाद्या प्रसंगाच्या शेवटी निवडा, नेमक्या ‘सावधान’वर नको. या डिस्क महाग आहेत आणि जुने प्लेअर त्या सगळ्या वाचतीलच असं नाही, म्हणून नातेवाइकांना वाटायच्या प्रतींसाठी आम्ही त्या सुचवत नाही.

एक पळवाट मूळ शूटिंग व्हीएचएस कॅसेटवरचं असेल तरच: चित्राचा आकार ३५२ बाय ५७६ ठेवा. डीव्हीडीच्या नियमांत तो बसतो. व्हीएचएसमध्ये मुळात आडवा तपशील २४० रेषांच्या आसपास असतो, त्यामुळे ७२० रुंदी ठेवून बिट वाया घालवण्यात अर्थ नाही. अर्ध्या रुंदीत ३,००० किलोबिटही समाधानकारक दिसतात.

डिस्क लिहिली, सुरुवातीला उत्तम चालते. शेवटच्या वीसेक मिनिटांत चित्र अडकतं, आवाज तुटतो. दुसरी डिस्क तर लिहितानाच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ देते. राइटर बदलू का? (कोल्हापूर)

दोन तक्रारी वेगळ्या आहेत, तरी दोन्हींचं मूळ डिस्कमध्ये असू शकतं.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे कार्यक्रमाचा शेवट कडेला येतो. लेझर ज्यावर लिहितो तो रंगाचा थर कडेला असमान असण्याची शक्यता जास्त, डिस्क किंचित वाकलेली असेल तर कडच जास्त हलते, बोटांचे ठसेही तिथेच उमटतात. आणि १६ एक्स (डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळा पट) म्हटलेला वेग राइटर प्रत्यक्षात गाठतो तो कडेलाच. सगळ्या अडचणी त्या शेवटच्या वीस मिनिटांवर तुटून पडतात. उपाय: डिस्क काठोकाठ न भरता ४.२ जीबीवर थांबा आणि वेग उतरवा. पण ‘जितकं हळू तितकं चांगलं’ ही समजूत सोडा. १६ एक्सची डिस्क ८ एक्सला लिहिली की बहुधा सर्वात नीट निघते. २ एक्स किंवा ४ एक्ससाठी तिचा रंग बनवलेलाच नसतो आणि बऱ्याचदा राइटर तो वेग देतही नाही. इमगबर्नच्या यादीत कोणते वेग दिसतात ते बघा आणि मधला निवडा.

पॉवर कॅलिब्रेशन म्हणजे लिहिण्याआधी राइटर डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्टीवर लेझर किती तापवायचा याची चाचणी घेतो. ती चाचणी जमली नाही की हा एरर येतो. शोध या क्रमाने घ्या. आधी वेगळ्या कंपनीची डिस्क, आणि वेगळ्या कंपनीची म्हणजे खरोखर वेगळी: इमगबर्नमध्ये निर्मात्याचा कोड बदललेला दिसला पाहिजे, कारण दोन वेगळ्या वेष्टनांत एकाच कारखान्याच्या डिस्क निघतात. मग राइटर यूएसबीचा असेल तर हब काढून टाका आणि तो थेट लॅपटॉपला जोडा. पातळ राइटरला लिहिताना एका पोर्टमधून मिळणारी वीज कमी पडते. त्याच्याबरोबर दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. त्यानंतर लेन्सवरची धूळ रबरी फुंकणीने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. एवढं करूनही दोन चांगल्या डिस्क फुकट गेल्या तर लेझर थकला आहे, राइटर बदला.

घरात पडून असलेल्या जुन्या पेट्यांबद्दलही सांगायला हवं. कोरी डिस्कही म्हातारी होते, कारण तिच्यातला रंग सेंद्रिय असतो. आपल्याकडे एकेकाळी सगळीकडे दिसणाऱ्या मोझर बेअरच्या डिस्क आठवत असतील. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली, तेव्हा कपाटात तिची अर्धी पेटी निघाली तर ती किती वर्षांची आहे हे लक्षात घेऊन आधी एकच डिस्क लिहून बघा. कोऱ्या डिस्कच्या दोन प्रकारांपैकी प्लस आर की मायनस आर या प्रश्नाचं आमचं उत्तर मायनस आर. मायनस आर १९९७ पासून आहे, प्लस आर २००२ ची. म्हणून जुन्या प्लेअरांना मायनसची सवय जास्त.

लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा. पंधरा मिनिटं जातात, पण मामांच्या घरी सगळे जमल्यावर डिस्क अडकण्यापेक्षा बरं.

१९९२ च्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी आहेत. व्हीसीआरचं चित्र उतरवणारी यूएसबी स्टिक लावून संगणकात घेतल्या. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो. कुणी हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. (रत्नागिरी)

कोकणातून लिहिताय म्हणून आधी न विचारलेलं सांगतो. कॅसेटची खिडकी उजेडाला धरा. गुंडाळ्याच्या कडेवर पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे आणि ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. हेडला बुरशी लागली की पुढची प्रत्येक कॅसेट खराब येते. अशी कॅसेट सफाई करणाऱ्याकडेच द्या. बाकीच्या कॅसेटी उतरवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं चिकटलेले थर सुटतात.

आता आवाज. फरक सुरुवातीपासून सारखाच असता तर प्रोग्राममध्ये आवाज तेवढा मागेपुढे सरकवून भागलं असतं. तुमचा वाढत जातो, म्हणजे वाटेत फ्रेम गळतायत किंवा चित्र एका घड्याळावर आणि आवाज दुसऱ्या घड्याळावर चाललाय. लाल-पांढरी वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावली असेल तर काढा आणि आवाजही त्याच स्टिकमधून घ्या. आवाज ४४.१ नाही, ४८ किलोहर्ट्झला घ्या. उतरवताना दुसरं काही चालवू नका, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि ब्राउझर बंद ठेवा. कॅप्चर प्रोग्राम गळलेल्या फ्रेम मोजून दाखवतो, तो आकडा शून्याजवळ हवा. जुन्या कॅसेटीत चित्राचा ठोका मुळातच डळमळतो, म्हणून आकडा वाढतच राहिला तर मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे तो ठोका सरळ करणारं यंत्र लागतं. ते नसेल तर कॅसेट पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत उतरवा. प्रत्येक तुकड्यात फरक साठायला वेळच मिळत नाही. सगळं चित्र काळंपांढरं आलं तर मात्र कॅसेट खराब नाही, स्टिकच्या सेटिंगमध्ये एनटीएससी लागलंय. पाल बी करा.

कंगव्याच्या रेघा हा दोष नाही. व्हीएचएसचं चित्र इंटरलेस असतं: एकाआड एक रेषांची दोन अर्धी चित्रं, सेकंदाला पन्नास. संगणक ती एकत्र दाखवतो म्हणून रेघा दिसतात, टीव्हीवर दिसत नाहीत. त्या काढण्याच्या भानगडीत पडू नका. डीव्हीडीही इंटरलेस असू शकते, तेव्हा तसंच जाऊ द्या. फक्त कुठलं अर्ध चित्र आधी, हे बरोबर सांगा. यूएसबी स्टिकवरून घेतलेल्या चित्रात बहुधा वरचं आधी असतं, मिनी डीव्हीत (छोट्या डिजिटल टेपवरच्या शूटिंगात) खालचं. चुकलं तर वरात पुढे दोन पावलं, मागे एक अशी थरथरत जाताना दिसते. खात्री करायची तर दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर मारा आणि टीव्हीवर बघा.

चित्राच्या तळाला वळवळणारी पट्टी दिसते ती कापून चित्र ताणू नका, रेषांची जोडी बिघडते. तेवढ्या भागावर काळी पट्टी टाका.

जुन्या हँडिकॅमच्या छोट्या डीव्हीडी आहेत. संगणक त्या कोऱ्या म्हणून दाखवतो. सगळं पुसलं गेलं का? (बेळगाव)

नाही, आणि घाबरून त्यावर काही लिहूही नका. कॅमेऱ्यात डिस्क ‘फायनलाइज’ करायची राहिली आहे. ते केल्याशिवाय अनुक्रमणिका लिहिली जात नाही, म्हणून इतर यंत्रांना ती कोरी वाटते. डिस्क पुन्हा त्याच कॅमेऱ्यात घाला, बॅटरीवर नाही तर चार्जरची वायर लावून, आणि मेनूतून फायनलाइज निवडा. काही मिनिटं लागतात. तोवर कॅमेरा हलवायचा नाही, वीज जाता कामा नये. या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर १.४ जीबी, म्हणजे नेहमीच्या दर्जाचं अर्ध्या तासाचं शूटिंग मावतं, त्यामुळे तीन मिळून एक मोठी डीव्हीडी होते. आतल्या फायली आधीच एमपेग-२ असतात. पुन्हा रूपांतर न करता ‘कॉपी’ पर्यायाने घ्या, दर्जा टिकतो आणि वेळ वाचतो.

कॅमेराच बंद पडला असेल तर आयसोबस्टरसारखा प्रोग्राम फायनलाइज न झालेली डिस्क वाचतो. फायली दिसतात का हे फुकट कळतं, बाहेर काढायला मात्र पैसे पडतात. आणि फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये किंवा कारच्या प्लेअरमध्ये ही छोटी डिस्क घालू नका. आत अडकते.

मुलगी न्यू जर्सीत असते. तिला पाठवलेली डीव्हीडी तिथल्या प्लेअरवर लागत नाही. रीजन कोडचा प्रश्न आहे का? (ठाणे)

रीजन नाही. भारत रीजन ५ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये असली तरी घरी बनवलेल्या डिस्कवर रीजनचं कुलूप नसतं. अडतंय ते पालवर. अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, तिथले अनेक फक्त एनटीएससी. त्यांच्यासाठी प्रोजेक्ट सुरू करतानाच एनटीएससी निवडा.

शूटिंग फोनवरचं असेल तर भारतासाठीही एनटीएससीच निवडा. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो. त्याचं २५ करताना दर सहा फ्रेमांतली एक गळते आणि बाळ रांगताना मध्येच उड्या मारतंय असं दिसतं. पालमधलं लग्न एनटीएससी करताना उलटं होतं, फ्रेम भरून काढाव्या लागतात, त्यामुळे अशा वेळी मुलीला ती पाल डिस्क संगणकावर व्हीएलसीमध्येच बघू द्या.

थोडक्यात

*फोनच्या व्हिडिओत आवाज पुढे-मागे होतो.* फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, डीव्हीडीला तो स्थिर लागतो. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून आधी एक फाइल बनवा आणि ती डीव्हीडी-स्टायलरला द्या. एवढ्या कामाला हँडब्रेक उपयोगी पडतो. क्लिपा व्हॉट्सअॅपवरून मागवायच्या असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर आधीच चेपून आलेलं चित्र तुमच्या हाती पडतं.

*मिनी डीव्ही कॅमेरा यूएसबीने जोडला, शूटिंग येत नाही.* बहुतेक मॉडेलांत यूएसबी फक्त फोटोंसाठी. टेपसाठी फायरवायर नावाचा वेगळा पोर्ट लागतो. बाजारात मिळणारं ‘फायरवायर ते यूएसबी’ टोपण नुसतं तोंड बदलतं, त्याने काम होत नाही. डेस्कटॉपला फायरवायर कार्ड बसवा. तासाला १३ जीबी लागतात, आणि डीव्हीडी झाली म्हणून ती मूळ फाइल पुसू नका.

*सगळे जाडे दिसतात.* ४:३ चं चित्र १६:९ म्हणून लिहिलं गेलंय. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये बदला आणि टीव्हीच्या रिमोटवर ‘वाइड’ लागलंय का तेही बघा. कधीकधी डिस्क निर्दोष असते.

*मेनूतली मराठी जोडाक्षरं तुटतात.* ‘शुभविवाह’ आणि बाकीची नावं दुसऱ्या प्रोग्राममध्ये चित्र म्हणून बनवा, ७२० बाय ५७६ मापाचं, आणि ते मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावा. वर फक्त बटणं ठेवा. अक्षरं चारी बाजूंनी दहा टक्के आत हवीत, जुना टीव्ही कडा खातो.

*डिस्कवर कागदी लेबल लावावं का?* नको. वजन एका बाजूला गेलं की फिरताना डिस्क थरथरते, आणि पावसाळ्यात कोपरा सुटून प्लेअरमध्ये अडकतो. पाण्यावर आधारित शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. पुसायचं तर गोल नाही, मधून कडेकडे सरळ. डब्यात उभी, देवघराच्या नाही तर कपड्यांच्या कपाटात ठेवा: ऊन नको, ओल नको, आणि कापूर-उदबत्तीचा धूर तर नकोच.